आत्याचं नाक आणि माझे थेंब

माझी आत्या साबणाच्या कारखान्यात हुंगायच्या कामाला आहे. हे मी वर्गात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मुलं इतकी हसली की बाईंनी मला बाहेर उभं केलं. त्यांना वाटलं, मी विनोद केला. विनोद नव्हता. कारखान्यात रोज सकाळी साबणाची नवी बॅच निघते, तिची एक वडी पांढऱ्या टेबलावर येते आणि टेबलाशी बसलेल्या दोघीजणी ती हुंगून सांगतात, कालच्यासारखी आहे की नाही. आहे म्हणाल्या तर सगळ्या वड्या पॅकिंगला जातात. नाही म्हणाल्या तर मशिनं थांबतात आणि मोठमोठी माणसं जिन्यावरून धावायला लागतात. त्या दोघींतली एक आत्या. दुसरी आत्याहून पंचवीस वर्षांनी लहान, म्हणून तिचं नाव तिथे आणि आमच्याकडेही 'धाकटी'.

घरात आम्ही चौघं. आई, बाबा, मी आणि बाबांची थोरली बहीण, म्हणजे आत्या. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक माणूस आडवा झाला तर दुसऱ्याने आत यायचं नाही एवढी बाल्कनी. संध्याकाळी आत्या दारात चपला काढता काढता एक श्वास घेते आणि पेपर वाचून झाल्यासारख्या बातम्या सांगते. "दुपारी दूध उतू गेलंय. वरून पुसलंय, बर्नरखाली तसंच आहे. बंड्या, ग्रीसचा हात माझ्या टॉवेलला पुसलास. टेप, तू आईची पावडर लावलीस, आणि शाळेतून थेट घरी आली नाहीस, मध्ये कुठेतरी तळणाच्या गाडीपाशी उभी होतीस."

बंड्या म्हणजे बाबा. ते मोटारी आणि पंखे दुरुस्त करतात आणि स्वतःच्या घरात चोरासारखे हात धुतात. टेप म्हणजे मी. कुणाचाही आवाज एकदा ऐकला की माझ्या घशात तो भरला जातो आणि नको तेव्हा वाजतो. वय वर्षं पंधरा. आत्याला नाक मिळालं, मला घसा. देवाने वाटप करताना डोकं कुणाला दिलं ते पुढे कळेलच.

जगाला सुवास पुरवणाऱ्या बाईच्या घरात सुवास औषधालाही नाही. अंगाचा साबण बिनवासाचा, कपड्यांची पावडर बिनवासाची, डोक्याला तेल लावायचं तर ते साधं आणि रविवारी. आत्याच्या खोलीत उदबत्तीसुद्धा जात नाही. मैत्रिणी विचारायच्या, "तुमच्याकडे साबण फुकट येत असतील ना?" येतात. भेट द्यायच्या पिशवीत जातात. आम्ही त्यांच्याकडे नुसतं बघतो.

आत्या एकोणिसाव्या वर्षी कारखान्यात लागली ती पॅकिंगला. डोक्यावर टोपी, पुढे सरकता पट्टा, आणि आठ तास उभं राहून वड्या गुंडाळायच्या. अकरा वर्षं तिने वड्या गुंडाळल्या. एक दिवस ती सुपरवायझरला म्हणाली, "या कागदाची शाई बदललीय. वास वेगळा आहे." सुपरवायझर म्हणाला, "तू वडी गुंडाळ. कागद वाचायचाही नाही आणि हुंगायचाही नाही." पंधरा दिवसांनी दुकानांतून साबण परत यायला लागले. लोकांचं म्हणणं, अंघोळ केली की अंगाला छापखान्याचा वास येतो. मग लॅबवाले साहेब स्वतः खाली आले, म्हणाले, "म्हणजे कसं, की हे आधी कोण बोललं होतं? बरोबर?" साहेबांचं प्रत्येक वाक्य 'म्हणजे कसं'ने उघडतं आणि 'बरोबर'ने बंद होतं. समोरच्याने काही कबूल केलं आहे की नाही याच्याशी त्या 'बरोबर'चा संबंध नसतो. त्यांनी आत्यासमोर तीन कागदी पट्ट्या धरल्या, दोन सारख्या आणि एक वेगळी. आत्याने वेगळी उचलून दिली. पुन्हा तीन. पुन्हा दिली. आठवड्याने ती वर टेबलावर गेली.

ही गोष्ट सांगताना आत्या नाकाबद्दल फार बोलत नाही. खुर्चीबद्दल बोलते. "पाठ टेकायला होती. हात टेकायला होते. पहिल्या दिवशी मी चहाच्या सुट्टीतसुद्धा उठले नाही." तिचे गुडघे तोवर गेलेच होते. पॅकिंगच्या अकरा वर्षांनी ते घेतले, टेबलाच्या बावीस वर्षांनी परत दिले नाहीत.

ही खुर्ची मात्र कायमची नाही. दर दोन वर्षांनी नाकाची परीक्षा होते. तीन-तीन पट्ट्यांचे बारा संच, प्रत्येकातली वेगळी पट्टी ओळखायची. बारापैकी अकरा बरोबर यायला हवेत. दहा आले की टेबल सुटलं, खाली पॅकिंगला, टोपी आणि पट्टा. आत्याला आजवर बारापैकी बारा पडत आले. पण यंदा ती बावन्नची झाली, आणि वयाबरोबर नाक मंदावतं हे तिनेच कुठेतरी वाचलं. महिनाभर आधीपासून तिची झोप उडाली. सकाळी डोळ्यांखाली काळं, चहात साखर दोनदा. आई म्हणाली, "मी काही बोलणार नाही." आई हे म्हणाली की आम्ही सगळे बसून घेतो. "मी काही बोलणार नाही, पण ताई, अशा डोळ्यांनी गेलात तर साहेब नाक तपासायच्या आधी डॉक्टरला बोलावतील. झोपा हो थोडं. माझं काय, मी सांगून मोकळी."

आणि इथे मी कथेत शिरते, कुणीही बोलावलेलं नसताना.

आमच्या इमारतीत तळमजल्याला एक बाई राहायला आल्या होत्या. त्या छोट्या बाटल्यांतली सुगंधी तेलं विकायच्या, आणि शनिवारी दुपारी चटया टाकून ती कशी वापरायची ते फुकट शिकवायच्या. सगळे त्यांना तेलवाली ताई म्हणत. तिचा आवाज म्हणजे साय. "आता… खांदे सोडायचे… जबडा सोडायचा… आणि काळजीला सांगायचं… आत्ता नाही हं… नंतर ये." मी गेले होते ते फक्त तो आवाज चोरायला. पुढच्या आठवड्यात वर्गात वाजवायचा, सगळ्यांना लोळवायचं, एवढाच विचार. घरी येऊन आरशासमोर सराव केला. खांदे सोडले, जबडा सोडला, काळजीला नंतर यायला सांगितलं. दहा मिनिटांनी मला खरोखर बरं वाटायला लागलं. दुसऱ्या शनिवारी मी वही घेऊन गेले. तिसऱ्या शनिवारी पहिल्या चटईवर होते. लोक दुसऱ्यांच्या बोलण्याला भुलतात, मी स्वतःच काढलेल्या आवाजाला भुलले.

वाढदिवसाचे जमलेले सगळे पैसे तेलात गेले. गवती चहाचं तेल फरशी पुसायच्या बादलीत. टी ट्रीचं बाथरूमच्या कोपऱ्यातल्या काळ्या बुरशीवर. लिंबाचं सिंकमध्ये. पुदिन्याचं बाबांच्या बुटांत. निलगिरीचं आईच्या रुमालावर, तिला सर्दी नसताना, होऊ नये म्हणून. आणि खरं सांगायचं तर बुरशी गेली. फरशीवर मुंग्या येईनाशा झाल्या. बाबांचे बूट पहिल्यांदाच घरात आले. मी कमरेवर हात ठेवून घरभर फिरत होते, जणू स्वच्छतेचा शोध आमच्या बाथरूममध्ये लागला होता.

आत्याला पहिल्या थेंबालाच कळलं, हे वेगळं सांगायला नको. ती काही ओरडली नाही. एकेक बाटली उघडून नाकाखालून नेली, अगदी लांबून. "निलगिरी चांगली आहे. गवती चहा बरा आहे. हे लव्हेंडर काही अस्सल नाही, त्याचं चुलत भावंड आहे, कापराचा अंश जास्त. पण तुला काय, तू लाव." मग तिने बोटाने उंबऱ्यावर रेघ ओढली. "बाथरूम, बाल्कनी, स्वयंपाकघर, तुझं राज्य. माझ्या खोलीत एक थेंब नाही. परीक्षा आहे माझी."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. इथेच थांबणारी मुलगी कुणाच्या तरी घरी असेलही.

परीक्षेला दोन आठवडे उरले तेव्हा आत्या लागोपाठ तीन दिवस झोपली नव्हती. मी तिच्या दारात उभी राहिले आणि सायीच्या आवाजात म्हणाले, "आत्या… लव्हेंडरचा एकच थेंब… उशीच्या कडेला… काळजीला सांगायचं…"

"काळजीला मी सांगून बघितलंय. ऐकत नाही ती."

"एक थेंब गं. आपल्या कारखान्यातसुद्धा लव्हेंडरच सगळ्यात जास्त खपतं ना? लोक उगाच घेतात का?"

ती इतकी थकली होती की तिने विचार केला नाही. एरवी करते. "एक," ती म्हणाली. "तोही भिंतीकडच्या बाजूला."

त्या दिवशी ती सात तास झोपली. सकाळी चहात साखर एकदाच पडली. आई माझ्याकडे अशी बघत होती जशी ती निकालाच्या दिवशी कधीच बघत नाही. मी मान खाली घालून नम्रपणे हसले. ते हसूही तेलवाल्या ताईचंच होतं.

चार दिवसांनी आत्या म्हणाली, "आज तुझा वास येत नव्हता गं. बाटली विरली का?"

म्हटलं, विरली असेल. दोन थेंब टाकले. मग तीन. मग विचार केला, उशीवर एवढं चालतं तर चादरीवर का नाही, आणि चादर धुताना शेवटच्या पाण्यात थोडं ओतलं. थोडं म्हणजे मोजलं नाही. मग पडदा. मग गादीची मागची बाजू. दर दोन दिवसांनी आत्या म्हणायची, "छे, काही येत नाही," आणि दर दोन दिवसांनी मी वाढवायचे. मलाही काही यायचं नाही. आईलाही नाही. बाबांना तर तीस वर्षं ग्रीसशिवाय कशाचा वास आलेला नाही. आम्ही चौघंही मजेत झोपत होतो.

एक गोष्ट मात्र आमच्यापैकी एकीला माहीत असायला हवी होती, कारण ती तिच्यावरच पोट भरते. सतत एकच वास नाकासमोर राहिला की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. टेबलावर म्हणूनच दर काही पट्ट्यांनंतर उठून मोकळ्या हवेत जातात. आत्या हे नव्या मुलींना शिकवते. पण ते कारखान्यात. घरी ती फक्त झोप लागली म्हणून खूश असलेली बाई होती, आणि घरात सांगायला मी होते. त्या पंधरवड्यात तिची आणि धाकटीची पाळी वेगळी होती आणि लव्हेंडरचं मशीन दुरुस्तीला होतं, नाहीतर हे कारखान्यातच कळलं असतं.

परीक्षेच्या दोन दिवस आधी धाकटी परीक्षेच्या वेळेचा कागद द्यायला आली. ती नेहमी धावत जिना चढते आणि धावतच बोलते. दार उघडलं, तिने तोंड उघडलं आणि मागे सरून कठड्याला टेकली.

"अहो ताई, लव्हेंडरचं पिंप सांडलंय का तुमच्याकडे? मला खालच्या मजल्यापासून येतोय ना. मला वाटलं कुणाचं काही फुटलं ना."

आत्या तिच्याकडे बघत राहिली. "कुठे?"

"कुठे काय, इथेच ना. तुमच्या साडीलासुद्धा ना."

आत्याने पदर नाकाशी नेला. श्वास घेतला. पुन्हा घेतला. तिचा चेहरा मी तेवढा कोरा कधी पाहिला नव्हता. मग ती आत गेली, उशी आणली, तोंड पूर्ण उशीत खुपसलं आणि बाहेर काढलं.

"कापूस," ती म्हणाली. "मला फक्त कापूस येतोय."

तेव्हा माझा घसा पहिल्यांदाच रिकामा होता. कुणाचाच आवाज सापडेना, माझाही नाही. धाकटीने हळूच विचारलं, "परीक्षेत लव्हेंडरचे किती संच असतात ना?" तिला माहीत होतं. आम्हालाही होतं. सगळ्यात जास्त खपणारा साबण तोच, म्हणून बारापैकी तीन. बारातून तीन गेले की नऊ. पास व्हायला अकरा.

"साहेबांना फोन करा ताई," आई म्हणाली. "सांगा, पुढे ढकला."

"साहेब रजेवर आहेत, थेट परीक्षेलाच येतात. आणि सांगू काय? बावीस वर्षं हुंगणाऱ्या बाईला स्वतःची उशी कळली नाही म्हणून?"

हे ती मला उद्देशून बोलली नाही. ओरडली असती तर परवडलं असतं.

पुढचे दोन दिवस आमच्या घरातून वास काढण्यात गेले आणि त्यात आम्ही सगळ्यांनी मिळून वास वाढवला. मी व्हिनेगर आणलं. आता घर व्हिनेगर आणि लव्हेंडरचं. आईने खायच्या सोड्याने गादी घासली, ती ओली झाली, आता ओल्या गादीचं. बाबा म्हणाले, "त्यात काय," आणि दुकानातून इंडस्ट्रियल पंखा आणून पडद्यासमोर लावला. तेव्हा खालच्या मजल्यावरच्या लोकांनी वर बघायला सुरुवात केली. कॉफीची पूड वास शोषते असं मी कुठेतरी ऐकलं होतं. वाट्या भरून ठेवल्या. आत्या कामावरून आली, दारात थांबली आणि शांतपणे म्हणाली, "कॉफी येते. व्हिनेगर येतं. ओली गादी येते. पंख्याच्या वायरीचं रबर तापलंय. लव्हेंडर येत नाही. गेलंय का?" मी धाकटीला फोन लावला. ती कामावरून जाताना आली, लांबून हुंगून म्हणाली, "आहे ना. आता त्याला मित्र मिळालेत ना."

शेवटी गादी, उशी, पडदा सगळं बाबांच्या दुकानाच्या गच्चीवर गेलं. आत्याने बाल्कनीत नवी कोरी चटई टाकली आणि आमच्याकडे पाठ करून बाहेरच्या हवेत नाक ठेवून झोपली. म्हणजे पडली. झोप पुन्हा गेली होती.

परीक्षेच्या दिवशी मी हट्टाने तिच्याबरोबर गेले. मनात साहेबांसाठी भाषण तयार होतं. सगळा दोष माझा, आत्या निर्दोष, वाटल्यास मला टोपी घाला आणि पट्ट्यावर उभं करा. ते मी चार आवाजांत म्हणून पाहिलं होतं आणि मध्यमवयीन वकिलाचा निवडला होता. लॅबच्या दाराशी पोहोचले तोच तिथल्या मदतनीस मावशींनी हात आडवा केला.

"तू आत नाही."

"मला साहेबांशी दोन मिनिटं…"

"बाई, तुझ्या केसांनी आमच्या बारा संचांचं वाटोळं होईल. तिकडे, काचेच्या पलीकडे, खिडकीजवळ बस. आणि खिडकी उघडी ठेव."

मी काचेच्या पलीकडे बसले. आत आत्या, समोर पट्ट्या, बाजूला वही. आवाज अजिबात येत नव्हता. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडे तरी नुसतं बघत होते. तिने पहिली पट्टी उचलली, नाकाखाली अर्धा क्षण, खाली. दुसरी. तिसरी. लिहिलं. तिच्या हाताला कसलीही घाई नव्हती. घरी दूध ओतताना तोच हात सांडतो. तिथे पट्टी अशी धरत होती जशी नर्स सुई धरते. चौथ्या संचाला ती थांबली. तिन्ही हुंगल्या, पुन्हा हुंगल्या, उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली, परत आली, पुन्हा हुंगल्या. मग वहीत काहीतरी बरंच लांब लिहिलं. एका पट्टीचा नंबर लिहायला एवढं लागत नाही. सातव्याला तेच. दहाव्याला तेच.

पुढचं मला धाकटीने सांगितलं, कारण ती आत होती, आणि आत्या सांगेल ही आशाच नव्हती.

साहेबांनी वही घेतली. "म्हणजे कसं, की नऊ संच बरोबर आहेत. आणि हे तीन कोरे? बरोबर?"

"कोरे नाहीत साहेब. लिहिलंय."

आत्याने तिन्ही ठिकाणी एकच वाक्य लिहिलं होतं. लव्हेंडरला माझं नाक सध्या बंद आहे, म्हणून मत देत नाही.

"अंदाजाने एखादी तरी खूण करायची. तीनातली एक. म्हणजे कसं, की एखादी लागली असती."

"अंदाजाने मी बॅच सोडत नाही."

साहेब वहीची पानं पुढेमागे करत राहिले. धाकटी सांगते की ते एवढा वेळ पानं उलटत होते की तिला वाटलं, ते 'म्हणजे' शोधतायत आणि 'कसं' सापडत नाहीये. मग त्यांनी विचारलं, बंद कशाने झालं. आत्याने सांगितलं. एकही शब्द न वाढवता, न गाळता. भाची, थेंब, उशी, आणि शेवटी, "तिने टाकले, पण विचारल्यावर हो मी म्हटलं होतं."

साहेब म्हणाले, "म्हणजे कसं, की नियमात याला रकाना नाही. खोटी खूण केली असतीत तर मी आजच खाली पाठवलं असतं. पंधरा दिवस देतो. तोवर लव्हेंडर धाकटी बघेल. पंधराव्या दिवशी हेच तीन संच पुन्हा. तीनपैकी दोन आले तरच खुर्ची. बरोबर?"

यावेळी आत्या म्हणाली, "बरोबर."

ते पंधरा दिवस मी माणसासारखी वागले. तेलवाल्या ताईकडे उरलेल्या बाटल्या परत द्यायला गेले. ती म्हणाली, "किती छान… सोडून द्यायला शिकणं…" तिलाच सांगावंसं वाटलं की तुझ्या उशीचाही वास घे जरा, पण माझ्या अंगात तेव्हा टीका करण्याइतकी लायकी उरली नव्हती. फरशी साध्या पाण्याने पुसली. केस तीनदा बिनवासाच्या साबणाने धुतले, ते झाडूसारखे झाले. बाबांचे बूट पुन्हा दाराबाहेर गेले. धाकटी रोज जाता जाता दारात थांबायची आणि हवामान सांगितल्यासारखं सांगायची. "आज कमी आहे ना." "आज कपाटातून येतोय ना." "आज फक्त टेप येतेय ना." आत्या रोज तिच्या मागून आत यायची, श्वास घ्यायची, आणि काही न बोलता चपला काढायची. मला त्या चपलांच्या आवाजाची भीती बसली होती. एक चप्पल, दुसरी चप्पल, आणि नंतर काहीच नाही.

सहाव्या दिवशी काही नाही. नवव्या दिवशी काही नाही. आई म्हणाली, "मी काही बोलणार नाही," आणि खरंच बोलली नाही. तेव्हा आम्हाला परिस्थिती गंभीर आहे हे पुरतं कळलं.

बाराव्या दिवशी आत्या आली. एक चप्पल काढली. दुसरी काढता काढता थांबली. भिंतीला हात टेकून एका पायावर उभी.

"शी," ती म्हणाली.

आम्ही तिघं जागच्या जागी.

"शी. काय भयंकर वास आहे हा. कोनाड्यातून येतोय. नाही, बाथरूमच्या खिडकीतून. टेप, तिथे ब्रशच्या डब्यामागे एक बाटली आहे."

होती. एकच. बुरशी परत आली तर असावी, म्हणून टी ट्रीची एक बाटली मागे ठेवायची होती, आणि घाईत टी ट्रीची परत देऊन लव्हेंडरची ठेवली होती. मी ती आणली. आत्याने झाकण उघडलं नाही. हातभर लांबून तोंड इतकं वाकडं केलं की बाबा रडतात की हसतात ते कळेना. मला आजवर कुणी एवढ्या घृणेने काही परत केलेलं नाही आणि मला कधी एवढं बरंही वाटलेलं नाही. आई म्हणाली, "ताई, पुन्हा एकदा शी म्हणा." आत्या पुन्हा म्हणाली. मग चहा ठेवायला सांगितला.

पंधराव्या दिवशी तीनपैकी तीन आले. ती संध्याकाळी आली, टोपी नव्हती हातात, एवढ्यावरून आम्ही समजलो. जेवताना म्हणाली, "खुर्चीची गादी बदलून देणार आहेत. जुनी बसलीय." मग तिने गुडघे पसरून टेबलाखाली पाय लांब केले, ते फक्त कामावर करते.

झोपेचं विचाराल तर ती आता परीक्षा संपल्यामुळे आपोआप लागते. तेलाची गरज तिला कधी नव्हतीच. तिला परीक्षा संपायला हवी होती.

मला मात्र अजून लव्हेंडरचा वास येत नाही. मैत्रिणीच्या हाताला क्रीम असतं, ती नाकासमोर धरते, मी आव आणून "वा" म्हणते. धाकटीला विचारलं, माझं नाक बिघडलं का? ती म्हणाली, थोडे दिवस जातील ना, येईल ना परत. आत्या वही चाळत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"बिघडायला आधी असावं लागतं," ती म्हणाली.